कुर्डुवाडी : गाडी बदलण्याचे ठिकाण

मंडळी, पुण्यास जिल्हा न्यायालयापाशी मेट्रोचे एक स्थानक आहे. तेथे एक मार्ग उंच पुलावरून जातो आणि दुसरा जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोलीवरून. उतारू सरकत्या जिन्याने वरखाली करतात नि एक गाडी सोडून दुसरीत बसतात. शहर पाहून आलेली आपली मुले हे नवल गावात सांगतात. सांगू द्या. पण त्यांना एवढे जरूर विचारा, की बाळांनो, गाडी बदलण्याचे मोठे ठिकाण आपल्या माढा तालुक्यातच शंभर वर्षे गाजत होते, ते ठाऊक आहे का?

ते ठिकाण म्हणजे कुर्डुवाडी. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे पुण्यावरून सोलापूरकडे येत होती. १८५९ साली ती आपल्या भागात पोचली आणि पुढल्याच वर्षी सोलापूरला गेली. कुर्डू गावाजवळ स्टेशन झाले. पण पाटीवर नाव लागले ‘बार्शी रोड’. म्हणजे स्टेशन आपल्या रानात आणि नाव वीस-बावीस मैलांवरच्या गावाचे! याचे कारण उघड आहे. बार्शी ही व्यापाराची मोठी पेठ. ‘बार्शी तेथे सरशी’ असे लोक उगाच म्हणत नव्हते. बालाघाटाकडचा कापूस, गळिताची धान्ये, ज्वारी हे सारे तेथे गोळा होई आणि बैलगाड्यांतून या स्टेशनावर येई. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले, की गाडीवानाचे काय हाल होतात, हे तुम्हांला मी काय सांगावे?

या बैलगाड्यांची वर्दळ एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराच्या नजरेत भरली. तो १८८२ साली जी. आय. पी.च्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मोठ्या गाडीच्या दोन रुळांत अंतर असते साडेपाच फूट. तसा रस्ता बांधायचा तर भराव रुंद, पूल भक्कम, रूळ जाड, खर्च फार. कॅल्थ्रॉपने हिशेब मांडला, की अडीच फुटांचा रस्ता केला तर हलके रूळही चालतील. मात्र कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. त्यासाठी अनेक वर्षे खटपट करून १८९५ साली लंडनमध्ये त्याने कंपनी काढली आणि १८९७ साली बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. हीच आपली ‘बार्शी लाईट’. पुढे १९०६ साली ती पंढरपूरला गेली, १९११ साली निजामाच्या मुलखातून लातूरला पोचली आणि १९२७ साली पंढरपुराहून मिरजेपर्यंत वाढली. एकूण लांबी झाली सुमारे ३२५ किलोमीटर.

आता खरी गोम पाहा. एका स्टेशनात दोन रेल्वे आल्या, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाईना. लातूरची कापसाची गाठ मुंबईस जायची, तर कुर्डुवाडीला ती छोट्या वाघिणीतून काढायची नि मोठ्या वाघिणीत भरायची. मुंबईकडून आलेल्या मालाचेही तेच. प्रत्येक पोते माणसाच्या पाठीवरून जायचे. व्यापाऱ्याला ही कटकट. खर्च वाढे, वेळ जाई, पोते फाटून धान्य सांडे. पण हमालाला त्यातच रोजची मजुरी होती. चहावाला, खाणावळवाला, टांगेवाला यांचाही धंदा माणसे खोळंबण्यावरच चालणार. शिवाय बार्शी लाईटचा कारखाना कुर्डुवाडीस होता. फिटर, लोहार, सुतार अशा कितीतरी हातांना तेथे काम मिळाले.

आणि आषाढी-कार्तिकी! पंढरपूर येथून सुमारे ५२ किलोमीटर. १९०६ च्या आधी रेल्वेने आलेला वारकरी येथे उतरून पायी नाहीतर बैलगाडीने पुढे जाई. नंतर तो येथेच गाडी बदलू लागला. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटाकडे पताका, टाळ, पडशा नि कडेवरची पोरे घेऊन लोकांचा लोंढा चाले. छोटी गाडी इतकी सावकाश जाई, की ‘उतरा, हातपाय धुवा नि पुन्हा चढा’ अशी तिची थट्टा होई. पण थट्टा करणारेही तिच्यातच बसत.

१ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. पुढे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एकेका टप्प्याने सारे रूळ रुंद झाले. २००८ साली लातूरपर्यंतची मोठी लाईन कुर्डुवाडीला जोडली गेली. आता लातूरकर मुंबईच्या गाडीत बसतो, तो थेट मुंबईत उतरतो. कुर्डुवाडीला त्याची झोपही मोडत नाही. हे चांगलेच झाले. शेतकऱ्याचा माल न हाताळता पुढे जातो, यात कोणाला वाईट वाटावे? तरी ज्यांच्या पाठीवरून तो माल जात होता, त्यांचा हिशेब कोणी मांडायचा? सोय एकाची होते तेव्हा दुसऱ्याचा रोजगार जातो. सोय नको असे कोणी म्हणणार नाही. पण दुसरी बाजू लिहून ठेवली नाही, तर इतिहास अर्धाच राहतो.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेच्या अंगणात खडूने साडेपाच फूट अंतरावर दोन रेघा ओढा, शेजारी अडीच फूट अंतरावर दोन ओढा, आणि मुलांना त्यांत उभे करा. फरक तीन फुटांचा. त्या तीन फुटांनी एका वाडीचे शहर केले, हे मुलांना सांगा. मग त्यांना घरी पाठवा, आजोबांना विचारायला : तुम्ही कुर्डुवाडीला गाडी बदलली होती का? कोणी हमाली केली असेल, कोणी कारखान्यात घण मारला असेल, कोणी आईचे बोट धरून पंढरीला गेला असेल. ते जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या. छोटे रूळ उखडले गेले. त्यांच्या आठवणी तरी आपल्या हातून निसटू नयेत.