चोपडे, बाळू आनंद

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जीवाणूचा प्रतिजैविकरोध आणि त्यातील प्लाझ्मिडे हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाची पीएच.डी. पुढे पुणे विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक. २०१४ ते २०१९ या काळात ते औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते. वृत्तपत्रांतून त्यांचे नाव गाजले ते कुलगुरू म्हणून. त्यांचे मोलाचे काम मात्र प्रयोगशाळेतले आहे.

अ‍ॅसिनेटोबॅक्टर माती, पाणी आणि निरोगी माणसाची त्वचा अशा सर्व ठिकाणी सापडतो. ‘हालचाल न करणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. धडधाकट माणसाला तो सहसा त्रास देत नाही. पण व्हेंटिलेटरवरचा, भाजलेला किंवा मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेला रुग्ण त्याच्या तावडीत सापडतो. कोरड्या पृष्ठभागावरही तो दीर्घकाळ जिवंत राहतो, त्यामुळे खाटेचा कठडा आणि उपकरणे पुसून घेण्यालाही उपचाराइतकेच महत्त्व येते. तालुक्याच्या गावातून मोठ्या शहरातील अतिदक्षता विभागात हलवलेल्या रुग्णाला मूळ आजार आटोक्यात येत असतानाच हा नवा संसर्ग गाठू शकतो. या प्रजातीतील बाउमानी ही जाती सर्वांत घातक. कार्बापेनेम गटातील औषधांना दाद न देणाऱ्या बाउमानीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या औषधांची सर्वाधिक निकड असलेल्या जीवाणूंत गणले. चोपडे त्याआधी तीन दशकांहून अधिक काळ या जीवाणूमागे होते.

बाहेरून आणलेली प्लाझ्मिडे या जीवाणूत कशी शिरतात आणि कशी वागतात, यावरचा त्यांचा नॉटिंगहॅममधील सहकाऱ्यांसह लिहिलेला शोधनिबंध १९८५ चा आहे. प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्राखेरीज पेशीत असणारा डीएनएचा छोटा, बहुधा वर्तुळाकार तुकडा. शेजारणीने विरजण मागून न्यावे, देणारीचे दही संपू नये आणि नेणारीच्या घरीही दही लागावे, तशी त्याची देवघेव चालते. औषधाला तोंड देण्याचे गुण या देवघेवीतून एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, प्रसंगी वेगळ्याच जातीकडेही जातात.

पुण्यातील त्यांच्या कामात चांदीवरचा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाजलेल्या जखमांवरच्या मलमांत चांदीची संयुगे असतात, म्हणून हा प्रश्न थेट रुग्णापर्यंत पोहोचतो. ल. म. देशपांडे यांच्यासह १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी पर्यावरणातून मिळालेल्या बाउमानीच्या एका वाणाचा चांदीरोध प्लाझ्मिडावर असल्याचे दाखवले. ते प्लाझ्मिड ई. कोलाय या जीवाणूत गेल्यावर त्याने आत घेतलेल्या चांदीपैकी ६३ टक्के बाहेर फेकली. प्लाझ्मिड नसलेल्या ई. कोलायला हे जमले नाही. मूळ बाउमानी मात्र चांदी आतच साठवून ठेवत होता. त्याच वर्षी प्र. के. ढाकेफळकर यांच्यासह त्यांनी पर्यावरणातील अ‍ॅसिनेटोबॅक्टरमध्ये धातुरोध आणि प्रतिजैविकरोध यांचा परस्परसंबंध मांडला. धातूंनी दूषित झालेले पाणी औषधरोधालाही खतपाणी घालू शकते, ही शंका त्यातून बळावते.

त्वचेवरील वाणांपासून तेल व पाणी एकजीव करणारे द्रव्य, गव्हाच्या मुळांलगतच्या वाणांत वनस्पतींची वाढ घडवणारे संप्रेरक, असेही विषय त्यांच्या गटाने हाताळले. अतिदक्षता विभागातील संसर्गांवरचा त्यांचा २००८ चा निबंध अनेक प्लाझ्मिडे बाळगणाऱ्या बहुऔषधरोधी बाउमानीवर आहे. ज्या प्लाझ्मिडांमुळे जीवाणू औषध पचवतो, तीच त्याच्याकडून काढून घेतली तर? या दिशेने चित्रकाच्या मुळांचा अर्क तपासला गेला. प्लाझ्मिडे घालवणारे त्यातील द्रव्य लॉसोन असल्याचे २०१८ च्या निबंधात नोंदले आहे. मेंदीचा रंग चढतो तो याच द्रव्यामुळे.

चांदीकडे ते पुन्हा वळले, या वेळी तिला शस्त्र करून. डुक्करकंदाच्या अर्काने घडवलेले चांदीचे नॅनोकण (२०१२) आणि खुद्द अ‍ॅसिनेटोबॅक्टरकडूनच घडवून घेतलेले नॅनोकण (२०१३) प्रतिजैविकांच्या जोडीने वापरल्यावर औषधांचा प्रभाव वाढला. हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील जीवाणूंवरचे आहेत, रुग्णांवरचे नाहीत. आणि चांदी बाहेर फेकायला शिकवणारे प्लाझ्मिड याच गटाने १९९४ मध्ये दाखवून दिले होते, हे ते निष्कर्ष वाचताना विसरता येत नाही.