हुंडणावळ : पैसा पाठवण्याच्या किमतीचा चारशे वर्षांचा इतिहास

१/
परदेशी शिकणाऱ्या मुलाची फी भरायला वडील बँकेत जातात. बँक सेवाशुल्क घेते, त्यावर कर आकारते, विनिमयाच्या दरात काही पैसे ठेवते आणि वाटेतली तिसरीच बँक आणखी थोडे कापून घेते. प्रत्यक्षात एकही नोट जागची हललेली नसते. मग हे पैसे नेमके कशाचे? हा प्रश्न सुरत, बुऱ्हाणपूर आणि पुण्याच्या पेढ्यांवर शतकांपूर्वीही विचारला जात होता. त्या आकाराला मराठीत स्वतंत्र शब्द आहे : हुंडणावळ.

२/
दळल्याची दळणावळ, धुतल्याची धुणावळ, तशी हुंडी करून दिल्याची हुंडणावळ. शब्दाची घडणच सांगते की हे एका कामाचे मोल मानले जाई. आजही अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘परकीय हुंडणावळ’ हा शब्द भेटतो. पण ते काम कोणते, हे समजल्याशिवाय मोल रास्त आहे की अवाजवी, हे ठरवता येत नाही. म्हणून आधी हुंडीकडे वळू.

३/
समजा, अठराव्या शतकात पुण्याच्या एका व्यापाऱ्याला बनारसला १,००० रुपये पोहोचवायचे आहेत. एक रुपया म्हणजे सुमारे ११ ग्रॅम चांदी. हजार रुपयांचे ओझे ११ किलोंच्या घरात जाते, आणि लाखाचे ओझे टनाच्याही वर. सोबत पहारेकरी हवेत, बैल हवेत, नदीचे उतार आणि जकातीची नाकी ओलांडायची. त्याऐवजी तो पुण्याच्या पेढीवर रक्कम भरतो आणि एक कागद घेतो. बनारसचा सराफ तो कागद पाहून रुपये मोजून देतो.

४/
हा कागद साधा नव्हता. पाहताच पैसे द्यायची ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी द्यायची ती मुदती. प्रतिष्ठित सावकाराच्या हातीच पैसे पडावेत अशी अट असलेली ती शाहजोग. आकड्यात कुणी फेरफार करू नये म्हणून रकमेसोबत तिची निमी रक्कम लिहून ‘त्याची दुप्पट’ असाही उल्लेख करीत. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका. आजच्या बँकव्यवहारातले बहुतेक सुरक्षेचे उपाय इथे वेगळ्या नावांनी हजर आहेत.

५/
मुख्य युक्ती मात्र कागदात नव्हती, वहीत होती. पुण्याहून बनारसला पैसे पाठवणारे असत, तसे बनारसहून दक्षिणेत पाठवणारेही असत. दोन्हीकडच्या हुंड्या एकमेकींत वळत्या झाल्या की चांदी हलवण्याची गरजच उरत नसे. एका बाजूचा भार फार वाढला, तरच फरकापुरती रोकड किंवा माल पाठवावा लागे. पैसा असा न हलता पोहोचत असे.

६/
म्हणून हुंडणावळ ही अंतराची मजुरी नव्हती. तिच्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असत : वाटेतली जोखीम, मुदतीचे व्याज आणि दोन गावांमधल्या देण्याघेण्याचा कल. त्यामुळे एकाच वाटेने जायचा आणि यायचा दर वेगळा असू शकत असे. ज्या गावी सगळ्यांनाच पैसे पाठवायचे आहेत, तिथली हुंडी महाग. जिथून सगळ्यांनाच पैसे आणायचे आहेत, तिथली स्वस्त.

७/
प्रत्यक्ष दर किती असत? फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. १६७६ साली पॅरिसमध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने सुरतेवरच्या हुंड्यांचे शेकडा दर नोंदवले आहेत :
• अहमदाबाद : १ ते १½
• दौलताबाद : १ ते १½
• बुऱ्हाणपूर : २½ ते ३
• विजापूर : ३
• गोवळकोंडा : ४ ते ५
• आग्रा : ४¼ ते ५
• लाहोर : ६¼ पर्यंत
• पाटणा : ७ ते ८
• ढाका : १० पर्यंत

८/
या यादीत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली : ढाका, पाटणा आणि बनारस इथे सुरतेवर थेट हुंडी मिळत नसे. आधी आग्र्यावरची घ्यायची, मग आग्र्यात सुरतेवरची. मध्यस्थ वाढला की खर्च वाढला. दुसरी : तावेर्निए सांगतो की वाटेवरचे राजे जकातीसाठी अडवणूक करू लागले की दर शेकडा एक-दोनने चढत. अहमदाबादच्या वाटेवर असा त्रास झाला, तर व्यापारी सिरोंज-बुऱ्हाणपूरची वाट धरीत. शुल्क टाळण्याचा सर्वांत जुना उपाय हाच : मार्ग बदला.

९/
जोखीम हा शब्द पुस्तकी वाटत असेल, तर पानिपत आठवा. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंना पैशाची इतकी चणचण भासली की दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. पुढे पानिपतला छावणीची कोंडी झाली. दिल्लीहून रोकड घेऊन निघालेली स्वारांची एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली, थेट अब्दालीच्या तळात शिरली आणि कापली गेली. वेढ्यातल्या फौजेला कागद पुरत नाही, धान्य आणि नाणे लागते. जिथे पेढी उघडी नाही, तिथे हुंडी पोहोचत नाही. तिथे हुंडणावळीऐवजी जिवाचे मोल पडते.

१०/
त्याच मोहिमेची दुसरी बाजूही पाहा. पराभवाची पहिली वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकाराच्या कासिदाकडील सांकेतिक पत्रातून कळली, असे परंपरेने सांगितले जाते. सरकारी जासुदांच्या आधी पेढीचा माणूस पोहोचला, यात नवल नाही. सावकारांचा धंदाच बातमीवर चालत असे. कोणते गाव लुटले गेले, कोणती पेढी बुडाली, हे ज्याला आधी कळे, त्याचाच दर बरोबर ठरे. हुंडणावळीतला एक वाटा या बातमीचाही होता.

११/
आता सर्वांत चिवट आकार : बट्टा. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, निजामाच्या राज्यातला हाली सिक्का, ही नाणी दिसायला सगळी रुपयेच, पण चांदीचा कस आणि वजन निराळे. एका चलनात भरलेली रक्कम दुसऱ्या चलनात मिळताना सराफ बट्टा कापे. हुंडणावळ तोंडाने सांगितली जाई, बट्टा मात्र हिशेबात मुरे. कच्च्या गिऱ्हाइकाला हुंडणावळ कमी सांगून बट्ट्यात वसूल करणे सराफाला अवघड नव्हते. आज ‘शून्य शुल्क’ अशी जाहिरात करून विनिमयाच्या दरात नफा ठेवणारी सेवा नेमके हेच करते.

१२/
या जाळ्यावर ईस्ट इंडिया कंपनीही अवलंबून होती. मुंबई इलाख्याचा खर्च उत्पन्नाहून जास्त, महसूल बंगालचा. तो पैसा पश्चिमेकडे आणायला बनारसचे गोपाळदास मनोहरदास आणि सुरतेचे अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांच्यासारख्या पेढ्यांच्या हुंड्या लागत. पश्चिम किनाऱ्यावर कंपनीने केलेल्या लढायांचा खर्च अशा कागदांवरून वाहत आला. तोफा इंग्रजांच्या होत्या, पण पैशाची वाट देशी सावकारांच्या हाती होती.

१३/
पुढे ही वाट सरकारने आपल्याकडे घेतली. १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ब्रिटिश मुलखात चालू झाला आणि बट्ट्याचा पाया खचू लागला. १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या. पण त्या ‘सर्कल’पुरत्या होत्या : एका सर्कलची नोट दुसऱ्या सर्कलमध्ये कायदेशीर चलन नव्हती. म्हणजे कागदाच्या नोटेलाही बट्टा लागे. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागायला १९०३ साल उजाडावे लागले.

१४/
लोकांनी नोटांवरही युक्ती शोधली. नोट मधोमध कापायची, एक अर्धी टपालाने धाडायची, ती पोहोचल्याचे पत्र आले की दुसरी. वाटेत चोराच्या हाती एक अर्धी लागली तरी ती निरुपयोगी. दलाली नाही, हुंडणावळ नाही, खर्च फक्त दोन टपालांचा आणि काही दिवसांच्या धीराचा. हुंडणावळीतली जोखीम स्वतःच्या अंगावर घेऊन कात्रीने कमी करण्याचा हा प्रकार होता.

१५/
आतापर्यंतच्या गोष्टीत एक माणूस दिसलाच नाही : पाच-दहा रुपये पाठवणारा. पेढीच्या दारात त्याला कोण उभे करणार? त्याचा पैसा गावी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या कनवटीला बांधून जाई. १ जानेवारी १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर हाती घेतली आणि हे चित्र पालटले. दहा रुपयांना दोन आणे, शंभराला एक रुपया. म्हणजे शेकडा एक-सव्वा. ज्या दराने पूर्वी अहमदाबादचा व्यापारी सुरतेवर हुंडी घेत होता, जवळपास त्या दरात गिरणी कामगाराला दारापर्यंतची सेवा मिळू लागली.

१६/
कोकणाला हे सांगायची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या रत्नागिरीच्या कामगारांच्या घरी चूल पेटे ती मनीऑर्डरीवर, म्हणून ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हे नावच त्या मुलखाला चिकटले. फॉर्मच्या खालच्या कुपनावर चार ओळींची खुशाली मावत असे. पोस्टमन ती वाचून दाखवी, अंगठा घेई आणि नोटा मोजून देई. पुढे हे कमिशन वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच झाले. तरीही लोक मनीऑर्डर करत राहिले, कारण दुसरी विश्वासाची वाट त्यांच्या गावापर्यंत जात नव्हती.

१७/
मोठ्या रकमांची वाट तोवर समुद्राखालून गेली होती. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली. भारतमंत्री लंडनमध्ये रुपयांच्या हुंड्या म्हणजे कौन्सिल बिले विकत असे. हीच रक्कम तारेने हवी असेल तर किंमत थोडी जास्त पडे. कारण बिल बोटीने येईपर्यंतचे व्याज वाचत असे. ‘टीटी’ हा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडी आला तो इथून : टेलिग्राफिक ट्रान्स्फर. तारेचे शुल्क म्हणजे वेगाची किंमत.

१८/
१९७३ मध्ये १५ देशांतील २३९ बँकांनी ब्रुसेल्समध्ये ‘स्विफ्ट’ ही संस्था उभारली. तिच्या जाळ्यातून पैसा जात नाही, फक्त निरोप जातो. पैसा बँकांच्या परस्परांकडील खात्यांत वळता होतो, पाचव्या मुद्द्यातल्या वहीसारखाच. दोन बँकांची थेट खाती नसतील, तर मध्ये तिसरी, कधी चौथी बँक येते आणि प्रत्येक जण आपला वाटा काढतो. पाटण्याहून सुरतेला जाणारी हुंडी आग्र्यावरून जात होती, तेच हे.

१९/
आता हिशेब मांडू. २०० डॉलर परदेशी पाठवण्याचा सरासरी खर्च अलीकडच्या वर्षांत सहा टक्क्यांच्या वर असल्याचे जागतिक बँकेची आकडेवारी सांगते. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणायचे ठरवले आहे. तावेर्निएचा आग्रा-सुरत दर पाचपर्यंत होता, आणि त्यात मुदतीचे व्याज होते, लुटीची जोखीम होती. आज निरोप क्षणात जातो, वाटेत दरोडेखोर नाहीत, तरी आखातातला मजूर जुन्या व्यापाऱ्याच्या पंक्तीला बसतो. मोठ्या रकमेला टक्का कमी, छोट्या रकमेला जास्त, हा नियम तेवढा बदललेला नाही.

२०/
तो बदलता येतो, याचा पुरावा आपल्या घरातच आहे. जानेवारी २०२० पासून बचत खातेदारांकडून ऑनलाइन एनईएफटीचे शुल्क घेणे बँकांना बंद करावे लागले. यूपीआयने देशातल्या देशात पाच रुपयेही फुकट पोहोचवले. खर्च नाहीसा झाला असे नाही, तो बँका आणि सरकार उचलतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या ‘पेनाऊ’शी जोडले गेले. म्हणजे ढाक्याची हुंडी आग्र्याला वळसा न घालता थेट सुरतेला.

२१/
चारशे वर्षांच्या या व्यवहारातून पैसे पाठवणाऱ्याने घेण्यासारखे थोडक्यात :
• शुल्क विचारू नका, समोरच्याच्या हातात किती पडणार ते विचारा. बट्टा तिथेच उघडा पडतो.
• वाटेत किती मध्यस्थ आहेत, आणि त्यांचा खर्च पाठवणाऱ्यावर, घेणाऱ्यावर की दोघांवर, हे आधी ठरवून घ्या.
• ठरावीक शुल्क असेल तर दहा छोट्या रकमांपेक्षा एक मोठी स्वस्त पडते.
• घाई नसेल तर वेगाची किंमत मोजू नका.
• दोन-तीन पेढ्यांचे दर विचारल्याशिवाय हुंडी करू नका.

२२/
हुंडणावळ कमी झाली ती तीनदा : वाट सुरक्षित झाली तेव्हा, नाणे एक झाले तेव्हा, आणि छोट्या माणसासाठी कुणी खिडकी उघडली तेव्हा. पहिल्या दोन गोष्टी राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी केल्या. तिसरी दर वेळी उशिरा आली आणि तिची वाट पाहणाऱ्याने तोवर सर्वांत जास्त टक्का भरला. इतिहासात पैशाच्या वाटा शोधताना मोठ्या पेढ्यांची नावे सहज सापडतात. त्या वाटेचा खर्च कुणाच्या खिशातून गेला, तेही शोधत चला.