पादोन आणि ऋण : अपूर्णांकांच्या बेरजेचा एक भाषिक इतिहास

१

गणिताच्या परिभाषेकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने वळावे, अशी प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. संख्या सर्वत्र सारख्याच असतात आणि म्हणून त्यांना भाषा नसते, असे गृहीत या उदासीनतेमागे असावे. परंतु संख्या सारखी असली तरी ती उच्चारण्याची रीत सारखी नसते, आणि उच्चारण्याच्या रीतीत त्या संख्येकडे पाहण्याची एक दिशा आधीच ठरलेली असते. प्रस्तुत निबंधात शालेय गणितातील एका साध्या कृतीचा, म्हणजे ऋण अपूर्णांक आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांक यांच्या बेरजेचा, भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे. या कृतीला लागणारी समज मराठीच्या संख्यावाचक शब्दांत पूर्वीपासून साठवलेली आहे. अव्वल इंग्रजीपासून घडत गेलेल्या पाठ्यपुस्तकी रचनेत मात्र शब्द आणि कृती यांची फारकत झाली, असे येथे मांडावयाचे आहे.

उदाहरण म्हणून एकच बेरीज समोर ठेवू : उणे पावणेतीन अधिक सव्वादोन. पाठ्यपुस्तकी रीतीने दोन्ही संख्यांचे अंशाधिक अपूर्णांक करावयाचे, म्हणजे ऋण ११/४ आणि धन ९/४. छेद समान असल्याने अंशांची बेरीज ऋण २. उत्तर ऋण २/४, म्हणजे उणे अर्धा. पण याच संख्येच्या लेखनात, दोन पूर्णांक आणि तीन चतुर्थांश यांच्या डावीकडे एक आडवी रेघ, अशा रूपात, विद्यार्थ्याने ऋणचिन्ह केवळ दोनाला लागू आहे असे मानले, तर ती संख्या उणे सव्वा होते आणि बेरजेचे उत्तर धन एक येते. चिन्हाचा अंमल कोठवर चालतो हा प्रश्न आहे, आणि तो व्याकरणाच्या जातीचा प्रश्न आहे.

२

भारतीय गणितग्रंथांत अपूर्णांकांचे वर्गीकरण 'जाती'च्या नावाने केलेले आढळते. इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्यांनी रचलेल्या 'गणितसारसंग्रहा'त अशा सहा जाती आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त चार. त्यांपैकी दोन आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. पूर्ण संख्येला भाग जोडलेला असेल तर तो 'भागानुबंध', आणि पूर्ण संख्येतून भाग वाहून गेलेला असेल तर तो 'भागापवाह'. आजच्या शालेय परिभाषेत पहिल्याला 'पूर्णांकयुक्त अपूर्णांक' असा प्रतिशब्द आहे. दुसऱ्याला प्रतिशब्दच उरलेला नाही.

शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' हा त्याचाच भाग मानला जातो. तेथे या दोन्ही जातींसाठी एकच नियम दिलेला आहे : पूर्ण संख्येला छेदाने गुणावे आणि भाग अधिक असेल तर अंश मिळवावा, उणा असेल तर वजा करावा. मिळवणे आणि वजा करणे यांसाठी तेथे जे शब्द योजले आहेत ते 'धन' आणि 'ऋण' हेच होत. नियमामागोमाग येणारे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. पावासहित दोन आणि पावाविना तीन यांना सवर्ण करून सांग, असे तेथे विचारलेले आहे. सव्वादोन आणि पावणेतीन! उत्तरे अनुक्रमे ९/४ आणि ११/४. वर घेतलेल्या बेरजेतील संख्या याच आहेत.

'सवर्ण' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला थबकवील. समान उच्चारस्थान आणि समान प्रयत्न असणाऱ्या ध्वनींना पाणिनीने सवर्ण म्हटले आहे, आणि दोन सवर्ण स्वर एकत्र आले की दीर्घ होतात हे संधिनियम शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. भिन्न छेदांचे अपूर्णांक थेट मिळवता येत नाहीत; त्यांना आधी समान 'वर्णा'चे करावे लागते, मगच त्यांचे ऐक्य होते. व्याकरण आणि गणित या दोन शास्त्रांनी एकच शब्द वापरावा यात परस्पर उसनवारी किती आणि समान विचारपद्धती किती, हे ठरवणे कठीण आहे. पण एकजातीय झाल्यावाचून संयोग नाही ही कल्पना दोहोंकडे आहे, एवढे निश्चित.

३

मराठीतील अपूर्णांकवाचक शब्दांची व्युत्पत्ती पाहिली की या दोन जाती बोलीत उतरलेल्या दिसतात. 'सव्वा' हा 'सपाद'पासून आणि 'साडे' हा 'सार्ध'पासून आलेला, हे भागानुबंध. 'पाऊण' हा 'पादोन', म्हणजे पावाने ऊन; हा भागापवाह. 'दीड' (द्व्यर्ध), 'अडीच' (अर्धतृतीय) आणि 'औट' (अर्धचतुर्थ) या शब्दांची घडण आणखी वेगळी आहे. 'अर्धतृतीय' म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे असे. दोन पूर्ण आहेत हे न सांगताच समजून घ्यायचे. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत, तेव्हा मुलांच्या जिभेवर ही सारी वर्गवारी नकळत बसत असे. ज्ञानेश्वरीत कुंडलिनीच्या वेटोळ्यांची संख्या सांगताना हाच 'औट' शब्द आलेला आहे.

ही घडण मराठीपुरती नाही. हिंदीत पौने, सवा, डेढ, ढाई. गुजरातीत पोणा, सवा, दोढ, अढी. बंगालीत पौने, देड, आडाई, साडे : सर्वत्र तोच वारसा आहे. युरोपकडे पाहावे तर रोमन 'सेस्टर्शियस' नाण्याच्या नावात 'तिसरा अर्धा' हाच अर्थ दडलेला आहे, कारण ते मुळात अडीच 'अ‍ॅस'चे नाणे होते. जर्मनमधील दीडवाचक 'आन्डरटहाल्ब' म्हणजे 'दुसरा अर्धा'. तमिळ मात्र पाऊण या संख्येला 'मुक्काल', म्हणजे तीन पाव, म्हणते आणि पावणेतीनला 'दोन आणि मुक्काल' अशा अर्थाने उच्चारते. कन्नडमध्येही 'मुक्कालु'च आहे. एकाच संख्येकडे तमिळ खालून वर जात पाहते, मराठी वरून खाली येत पाहते. यावरून एका भाषिकाला वजाबाकी अधिक कळते असा निष्कर्ष काढणे अर्थातच चुकीचे ठरेल. भाषा विचार ठरवीत नाही. ती विचाराला एक वाट तयार करून देते, आणि त्या वाटेने जायचे की नाही हे शिक्षण ठरवते.

४

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. 'पावणेतीन'मध्ये पाव उणा असला तरी संख्या धनच राहते. उणेपणाला टेकायला तीन आहेत. ज्याला टेकायला काहीच नाही असे उणेपण, म्हणजे स्वतंत्र ऋणसंख्या, ही निराळी झेप आहे. इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाल येथे 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचणाऱ्या ब्रह्मगुप्तांनी अठराव्या अध्यायात तिचे नियम दिले : दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांचे अंतर, आणि दोन्ही समान असल्यास शून्य. हा विचार केवळ भारतातच झाला असेही नाही. चीनमधील 'नऊ प्रकरणे' या ग्रंथात धन-ऋण संख्यांचे नियम त्याहूनही जुने आहेत, आणि इ. स. २६३ मधील लिउ हुई यांच्या टीकेत त्यासाठी तांबड्या आणि काळ्या गणनशलाकांचा उल्लेख येतो. चिनी परंपरेने भेद रंगातून दाखवला. संस्कृतने तो सावकारीच्या शब्दातून सांगितला.

लेखनपद्धतीही लक्षणीय आहेत. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बक्षाली गावी सापडलेल्या भूर्जपत्रांच्या हस्तलिखितात संख्या वजा करावयाची असल्याची खूण आजच्या अधिक चिन्हासारखी आहे, आणि 'एकातून तृतीयांश उणा' अशा भागापवाहाच्या मांडणीत ती त्या भागाला लावलेली दिसते. भास्कराचार्य ऋणसंख्येवर टिंब देतात. भागापवाह लिहिताना पूर्णांक वर, त्याखाली टिंब दिलेला अंश आणि त्याखाली छेद अशी उतरंड होते. चिन्ह नेमके कोणाचे आहे, पूर्णाचे की भागाचे, हे या मांडणीत डोळ्यांना दिसते.

ऋणसंख्येचा अर्थ काय, या प्रश्नाशी भास्कराचार्य प्रामाणिकपणे झुंजले आहेत. 'लीलावती'तील एका त्रिकोणात भुजा १० आणि १७, पाया ९. लंबामुळे पडणारा एक खंड ऋण ६ येतो, आणि तो उलट दिशेला आहे असा त्याचा अर्थ ते लावतात. 'बीजगणिता'त मात्र माकडांच्या कळपाचे एक उदाहरण आहे : कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत गेला, एक माकड फांदीवर दिसते. उत्तरे ५० आणि ५ अशी दोन निघतात. पण पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन उरतात. लोकांची अशा ऋणावर प्रतीती बसत नाही म्हणून ते दुसरे उत्तर सोडून देतात. दिशेला ऋण चालते, माकडांना चालत नाही. संख्येचा अर्थ ती ज्याची आहे त्यावर अवलंबून असतो, ही जाण येथे आहे.

या जाणिवेला सिद्धान्ताचे रूप दिले ते कृष्ण दैवज्ञांनी. त्यांचे घराणे मूळचे विदर्भातील, तेथून काशीला जाऊन स्थिरावलेले. त्यांना जहांगीराचा आश्रय होता. इ. स. १६०० च्या सुमारास 'बीजगणिता'वर लिहिलेल्या 'बीजपल्लव' या टीकेत ते ऋणत्व म्हणजे वैपरीत्य असे सांगून त्याचे देशकृत, कालकृत आणि वस्तुकृत असे तीन प्रकार करतात : पूर्वेच्या उलट पश्चिम, भविष्याच्या उलट भूत, मालकीच्या उलट देणे. एका रूपकात अडकलेला 'ऋण' हा शब्द येथे रूपकातून मोकळा होऊन संकल्पना बनतो.

५

'लीलावती' फैजीने १५८७ मध्ये फारसीत नेली. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचा कोलब्रुककृत इंग्रजी अनुवाद १८१७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. तो वाचणाऱ्या इंग्लंडात ऋणसंख्या अद्याप निर्विवाद नव्हती. १७५८ मध्ये फ्रान्सिस मासेरेस यांनी आणि १७९६ मध्ये विल्यम फ्रेंड यांनी तिच्याविरुद्ध लिहिले होते. १८३१ मध्येही डी मॉर्गन यांना ऋण उत्तर ही प्रश्नाच्या मांडणीतील विसंगतीची खूण वाटत होती. याच दशकांत मुंबई इलाख्यात जॉर्ज जर्व्हिस आणि त्यांचे शास्त्री सहकारी गणिताची मराठी पुस्तके सिद्ध करीत होते. या प्रवाहात घडलेल्या परिभाषेत अंश, छेद, धन, ऋण हे शब्द संस्कृतातून आले. विषयांची मांडणी मात्र इंग्रजी पुस्तकांची राहिली. अपूर्णांक अंकगणितात गेले, ऋणसंख्या बीजगणितात गेल्या, आणि दोहोंना जोडणारा भागापवाह मधल्या मध्ये वाहून गेला.

व्यवहाराने पुढचे काम केले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली. सोळा आण्यांच्या रुपयात पाव, अर्धा, पाऊण यांना असलेले घर मोडले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. दशमान पद्धतीची सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'पावणेतीन' आणि '२.७५' यांत संख्या एकच असली तरी विचाराची रचना एक नाही, हे नोंदवले पाहिजे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात जोडाक्षरांच्या अडचणीची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती अडचण खरीही आहे. पण 'एकोणतीस' या शब्दात 'एक ऊन तीस' ही वजाबाकी आहे आणि 'वीस नऊ'त ती नाही, याचाही हिशेब मांडावयास हवा.

लॉगॅरिथमची कोष्टके वापरलेल्यांना याच प्रश्नाचे आणखी एक रूप आठवेल. ०.०२ चा लॉग लिहिताना केवळ दोनावर आडवी रेघ देतात आणि पुढे ०.३०१० लिहितात, तेथे पूर्णांक ऋण असतो आणि भाग धन, म्हणून एकूण मूल्य उणे १.६९९०. पूर्णांकयुक्त ऋण अपूर्णांकात चिन्ह सगळ्यांवर चालते, येथे फक्त पूर्णांकावर. दोन्ही संकेत योग्यच आहेत. पण ते संकेत आहेत हे विद्यार्थ्याला सांगावे लागते, आणि सांगायला शब्द लागतात.

६

आता पहिल्या बेरजेकडे मराठीच्या वाटेने जाऊ. 'पावणेतीन'मधला 'ऊन' आणि 'उणे पावणेतीन'मधला 'उणे' हे एकाच धातूचे शब्द आहेत. म्हणजे या शब्दप्रयोगात उणेपण दोनदा आले आहे : एकदा आत, पावापुरते, एकदा बाहेर, सगळ्यासाठी. बाहेरचे उणे आतल्या उण्याला उलटवते. तीन रुपयांचे देणे, पण त्यातला पाव रुपया माफ. म्हणून उणे पावणेतीन म्हणजे उणे तीन अधिक पाव. त्यात सव्वादोन, म्हणजे दोन अधिक पाव, मिळवले की पूर्णांकांची बेरीज उणे एक, पावांची बेरीज अर्धा, आणि एकूण उणे अर्धा. अंशाधिक रूप करावे लागले नाही, आणि चिन्हाचा अंमल कोठवर याविषयी संशयही उरला नाही, कारण तो शब्दाच्या घडणीतच सांगितलेला आहे.

परिभाषेच्या इतिहासाचा उपयोग कोणाचा शोध आधीचा हे ठरवण्यापेक्षा येथे अधिक आहे. भाषांतरित ज्ञानात शब्द आपला आणि वाक्यरचना परकी असली, तर शब्द पाठ होतो आणि अर्थ मुका राहतो. साहित्याच्या भाषांतरात आपण हे पुष्कळदा तपासले आहे. शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते तपासणे अद्याप बाकी आहे. 'बाकी' हा अरबी शब्दही मराठीने हिशेबातूनच घेतला, आणि त्यात उरलेले व द्यावयाचे असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.