पूर्णामायचा कथाकार

पांढुर्णा आणि सौंसर ह्या तालुक्यांत घरची भाषा मराठी, तर राज्यकारभाराची हिंदी. १९५६ पर्यंत हे तालुके आणि वऱ्हाड एकाच राज्यात होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, हे दोन तालुके मात्र मध्यप्रदेशातच राहिले; २०२३ मध्ये त्यांचाच पांढुर्णा जिल्हा झाला. जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाला येणाऱ्या मराठी वाचकाने आपला म्हणावा असा कादंबरीकार कोण, असा प्रश्न पडला की मला गोपाळ नीलकंठ दांडेकर आठवतात.

त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी सातपुड्याच्याच पायथ्याशी, परतवाड्यास झाला. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचे अध्ययन आणि नर्मदेची परिक्रमा! नदी उजव्या हातास ठेवून, पात्र न ओलांडता, भिक्षेवर राहून चालायचे, हा नेम आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. त्या अनुभवातून जी कादंबरी झाली तिला त्यांनी नाव दिले ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’.

स्कॉटलंडच्या वॉल्टर स्कॉटनेही सीमाप्रदेशातील लोकगीते गोळा करून १८०२ मध्ये प्रसिद्ध केली आणि १८१४ मध्ये पहिली कादंबरी निनावी छापली. आपले कर्तृत्व उघडपणे मान्य केले ते १८२७ मध्ये. दांडेकरांनी मुखपृष्ठावरचे नाव झाकले नाही. ‘मी’पण तेवढे शीर्षकातून काढून टाकले. परिक्रमावासीयास तेच शोभते.

पायी हिंडणाऱ्याचे कान तयार होतात. ‘शितू’ आणि ‘पडघवली’त कोकण बोलते, ‘माचीवरला बुधा’त राजमाची, ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरवाडी. ‘स्मरणगाथे’स १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, १९९८ मध्ये ते निवर्तले. त्यांचे दुर्गप्रेम सर्वश्रुतच आहे. त्याविषयी येथे लिहीत नाही.

परंतु पांढुर्ण्याच्या वाचकाने आधी हाती घ्यावे ते ‘पूर्णामायची लेकरं’. पूर्णा नदी उगम पावते ती शेजारच्या बैतूल जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत. मग ती वऱ्हाडात उतरते. राज्याची सीमा तिला ठाऊक नाही. त्या पुस्तकात वऱ्हाडी बोली मुक्तपणे नांदते. ज्या घरातली मुले हिंदी पाठ्यपुस्तके वाचून मोठी झाली, तेथे आजीने ते मोठ्याने वाचून पाहावे. एकाही शब्दासाठी कोश उघडण्याची तिला गरज भासणार नाही, आणि नातवंडेही हळूहळू जवळ सरकून बसतील.