महाबळेश्वरचा ‘शोध’ आणि तेथील रहिवास

महाबळेश्वर हें थंड हवेचें ठिकाण इ. स. १८२४ सालीं लॉडविक नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें शोधून काढलें, असें विधान प्रवासवर्णनांतून व स्थलदर्शिकांतून इतक्या वेळां छापून आलें आहे कीं, तें आतां स्वयंसिद्धच मानलें जातें. एखाद्या स्थळाचा शोध लागावयाचा म्हणजे तें आधीं कोणास ठाऊक नसावें लागतें. महाबळेश्वरास ही गोष्ट लागू पडत नाहीं. नवल हें कीं, लॉडविकच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कड्यावर त्याच्या पुत्रानें इ. स. १८७४ त जो स्मारकस्तंभ उभारला, त्यावरील लेखांतहि ‘शोधा’चा दावा नाहीं. त्या डोंगरावर पाय ठेवणारा पहिला यूरोपियन, आणि तेथील हवेचा गुण प्रसिद्ध करणारा, एवढेंच तो लेख सांगतो. पुत्रानें पित्यासाठीं जें मागितलें नाहीं तें पुढील लेखकांनीं देऊन टाकलें !

हा शब्दाचा कीस आम्ही काढतों तो केवळ अभिमानापोटीं नव्हे. कोणत्याहि डोंगरी गांवीं लोक कां जातात आणि कां राहतात, हे दोन प्रश्न निराळे आहेत. जाणाऱ्याचीं कागदपत्रें छापलीं जातात. राहणाऱ्याचीं माळ्यावर पडतात. ‘शोधा’ची कथा ही पहिल्या प्रकारच्या कागदांवर उभारलेली आहे.

आधीं क्षेत्राकडे पाहूं. पेठेपासून सुमारें तीन मैलांवर महाबळेश्वराचें व पंचगंगेचें अशीं देवालयें आहेत. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम येथें मानतात. यांपैकीं कोयना दक्षिणेकडे दूरवर वाहत जाऊन मग पूर्वेकडे वळते व कऱ्हाडास कृष्णेस मिळते. सावित्री मात्र पश्चिमेकडे उतरून बाणकोटास समुद्र गांठते. म्हणजे देश आणि कोंकण या दोहोंचें पाणी एकाच माथ्यावरून वांटलें जातें. कन्यागत पर्वणीस, बृहस्पति कन्याराशीस आला म्हणजे, येथें यात्रेकरूंची मोठी दाटी होते. ही रहदारी लॉडविकच्या कित्येक पिढ्या आधींची.

शिवकालीन पुरावा तर अधिक बोलका आहे. वेदमूर्ति गोपाळभट बिन श्रीधरभट महाबळेश्वरकर यांस शिवाजी महाराजांनीं वर्षासन करून दिल्याचें इ. स. १६५३ चें पत्र संशोधकांस परिचित आहे. त्याच्या सालाकडे लक्ष द्यावें. जावळी महाराजांच्या हातीं आली ती इ. स. १६५६ च्या आरंभीं. तत्पूर्वीं हा मुलूख चंद्रराव मोऱ्यांचा. म्हणजे जो प्रदेश अद्याप आपला नाहीं, तेथें वास्तव्य करणाऱ्या ब्राह्मणास तिघां वर्षांपूर्वींच वर्षासन चालू झालें. यांत राजकारण किती व श्रद्धा किती, याचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. पण डोंगरमाथ्यावरील या लहानशा वस्तीचें वजन खालच्या मुलुखांत काय होतें, तें यावरून उघड होतें. पुढें शके १५८६ च्या पौष अमावास्येस (६ जानेवारी १६६५), सूर्यग्रहणाच्या पर्वकाळीं, महाराजांनीं मातोश्री जिजाबाईंची व सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला येथेंच केली. त्या दिवशीं जमलेल्या जनसमुदायास हा डोंगर ‘शोधावा’ लागला नव्हता.

आतां पेठेकडे वळूं. लॉडविकनंतर साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्स यानें इ. स. १८२६ त येथें एक लहान बंगला बांधला व छत्रपति प्रतापसिंह महाराजांकडून साताऱ्याहून गाडीरस्ता करविला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम इ. स. १८२८ त वर आला, आजारी गोऱ्या शिपायांसाठीं प्रयोगादाखल आरोग्यधाम उघडलें, आणि पुढल्याच वर्षीं तह होऊन वांई प्रांतांतील खंडाळें हा गांव घेऊन महाराजांनीं ही जागा कंपनीस दिली. लोकांनीं येऊन वस्ती करावी म्हणून महाराजांच्या नांवें जाहीरनामा निघाला. साहेबाच्या मनांत इंग्लंडांतील एखादें आरोग्यग्राम असेल. पण रीत मात्र आपलीच चालली. नवी वस्ती करावयाची तर अभयाचा कागद काढावा, वाणीउदमी बोलवावे, आणि वसविणाराचें किंवा धन्याचें नांव पेठेस द्यावें. सदाशिव पेठ, नारायण पेठ, तशीच ही मालकमपेठ. इंग्रजी नांवाच्या शेपटास मराठी ‘पेठ’ लागली, यांतच तिचें कुळ कळतें.

ही पेठ हातांनीं कोणीं घडविली, हेंहि पाहण्यासारखें आहे. मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा होऊन आलेल्या चिनी कैद्यांसाठीं येथें इ. स. १८३४ त तुरुंग बांधला गेला, तो १८६४ पर्यंत चालू होता. पेठेंतील पुष्कळसे रस्ते कैद्यांच्या श्रमाचे. बटाटे व विलायती भाज्या यांची लागवड याच चिनी लोकांनीं येथें रुजविली. इ. स. २०१० त महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां त्या कैद्यांची आठवण कितींस झाली असेल ? ‘पॉइंटां’ना नांवें मिळालीं तीं गव्हर्नरांचीं, त्यांच्या मुलींचीं व कलेक्टरांचीं. वेण्णेचें तळें तेवढें साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांचें. तें १८४२ चें. धावड लोक याच रानांत लोखंड गाळीत. त्यासाठीं लागणारा कोळसा रानाचाच. तेव्हां जंगलखात्याचे निर्बंध आले आणि तो धंदा बुडाला. धावडांची वस्ती मात्र राहिली.

येणाऱ्याचें आकर्षण काय होतें, हें शोधावयास फार सायास नकोत. साडेचार हजार फूट उंची, वैशाखांतला गारवा, कड्यावरून दिसणारें कोंकण. परंतु येणाऱ्यांच्या पंचांगाकडे नीट पाहिलें पाहिजे. गोऱ्या पाहुण्यांचा मोसम दोनदां : एक पावसाळा सरल्यावर आश्विन-कार्तिकांत, दुसरा फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत. मृगाच्या सरी येतांच गव्हर्नर आपल्या लवाजम्यानिशीं पुण्यास उतरे. शिवरात्रीचा यात्रेकरू माघांत येतो. तुलादान झालें तें पौषांत. यात्रेकरू व साहेब यांचें एका बाबतींत मात्र एकमत दिसतें : पाऊस कोणासच नको !

आणि या डोंगराचें खरें रूप तर पाऊसच आहे. येथें वर्षास दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक सगळा ज्येष्ठ ते भाद्रपद या चार महिन्यांत. पूर्वेस अकराबारा मैलांवर पांचगणी. तेथें याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. पाहुण्यांच्या वर्णनांतून हे चार महिने जवळजवळ गाळलेले आहेत. भिंतींस बाहेरून गवताचे आडोसे बांधावयाचे, जळण व धान्य आधींच भरून ठेवावयाचें, धुक्यांत शेजारचें घर दिसेनासें व्हावयाचें, हें सर्व ज्यांच्या वांट्यास येतें तेच येथले रहिवासी. क्षेत्रांतील उपाध्ये, रानांतले धावड, धनगर, कोळी व कुळवाडी हे पावसांत राहिले, म्हणून उन्हाळ्यांत येणारास येथें वाट दाखविणारा माणूस भेटला. खुद्द लॉडविकासहि कोणी तरी वाट दाखविलीच असेल, असें आमचें अनुमान आहे. मात्र स्तंभावर त्यास जागा नाहीं.

आतां हें रहिवाशांचें दफ्तर हातीं कसें यावें, हा आपल्या वाचकांच्या आस्थेचा विषय. उपाध्यायांच्या यात्रेकरूंच्या वह्या, इनामपत्रें, वर्षासनाच्या याद्या, असे कागद अशा क्षेत्रीं घरोघरीं असावयाचेच. परंतु दोनशें इंच पावसांत कागद टिकविणें हें सोपें काम नव्हे. देशावर कसर व वाळवी यांची भीति. येथें त्यांच्याहि आधीं बुरशी येते. एक पान दुसऱ्यास चिकटतें, शाई पाझरून मोडी अक्षराचे काने व वळणें एकमेकांत मिसळतात, आणि मग सालाचा आंकडा वाचणें केवळ तर्कावर येऊन ठेपतें. संग्राहकांनीं अशीं दफ्तरें विकत घेऊन खालीं पुण्यामुंबईस न्यावीं, असा एक पक्ष आहे. कागद वांचतील हें खरें. पण तो कोणत्या घरांतला, कोणत्या रुमालांतला, कोणत्या कागदाशेजारचा, ही माहिती घाटांतच गळून पडते. नक्कल आधीं व्हावी, स्थळाची नोंद व्हावी, मग स्थलांतराचा विचार, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिघां वर्षांमागें ऐन श्रावणांत क्षेत्रीं एका घरीं आमचा मुक्काम पडला होता. बाहेर पाऊस असा कीं, माजघरांत बोललेलें ओटीवर ऐकूं येईना. घरच्या वृद्ध गृहस्थांस जुन्या कागदांविषयीं विचारलें तेव्हां त्यांनीं स्वयंपाकघरांत नेऊन चुलीच्या वर आढ्यास टांगलेला रुमाल दाखविला. फडकें धुरानें काळेंठिक्कर झालें होतें. एक कोपरा सोडून त्यांनीं वरचें एक पान आमच्या हातीं दिलें : तपकिरी पडलेलें, धुराच्या वासाचें, पण कोरडें ठणठणीत, अक्षर कालच्यासारखें. आम्ही छायाचित्र घ्यावयास गेलों तों यंत्राच्या कांचेवरच दंव धरलें. म्हातारबुवा हंसले. पान परत घेऊन त्यांनीं रुमालाची गांठ मारली आणि म्हणाले, “दसरा झाल्यावर या, बुवा. ऊन पडलें म्हणजे अंगणांत सगळें सोडूं.”