एका फटक्याची कथा

गोल्फमध्ये ‘वूड’ने जमिनीवरचा चेंडू दूर धाडणे ही मोठी कठीण विद्या. ७ एप्रिल १९३५ रोजी अमेरिकेतील ऑगस्टा येथे जीन साराझेन तीन फटक्यांनी मागे होते. पंधराव्या होलचा ध्वज २३५ यार्डांवर. चार क्रमांकाच्या वूडने मारलेला त्यांचा चेंडू थेट होलमध्ये विसावला. पिछाडी एका क्षणात पुसली गेली. दुसऱ्या दिवशी क्रेग वूड यांना ३६ होलांच्या निर्णायक लढतीत पाच फटक्यांनी नमवून ते विजयी झाले.

नवशिका मात्र चेंडू उचलू पाहतो नि फसतो. उंची देण्याचे काम वूडच्या तिरक्या मुखाचे. खेळाडूने गवत झाडल्यागत तो सहज फिरवावा. हातातील साधनावर विश्वास ठेवावयास शिकणे, हीच खरी साधना होय.