नेम माणसाचा की पिस्तुलाचा?

२०१८ साली पालेम्बांगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. पदकाची बातमी झाली, पण अशा सामन्यांत पहिली गोळी सुटण्याआधी जो विधी होतो त्याची बातमी कधी होत नाही. स्पर्धकाचे पिस्तूल एका पेटीत ठेवून पाहतात. पेटी ३०० मिलिमीटर लांब, १५० उंच, ५० रुंद. तीत ते बसले पाहिजे. मग वजन करतात. १४०० ग्रॅमच्या वर चालत नाही. नंतर नळी उभी धरून चापाला १००० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि पिस्तूल उचलतात. चापाने ते वजन पेलले पाहिजे. मध्येच चाप सुटला तर पिस्तूल बाद!

आता, नेम धरायचा तो माणसाने. मग हत्याराची ही एवढी झडती कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास भांडणांचा आहे. पेटी आणि वजने ही त्या भांडणांची तडजोड होय. एखादे नवे साधन आले की संघटनेपुढे तीन वाटा असतात. ते सर्वांना खुले करायचे, ते बंद करायचे, किंवा त्याच्यासाठी वेगळा वर्ग काढायचा. तिसरी वाट आपल्याला परकी नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभाग निराळा आणि गादी विभाग निराळा असतो, आणि त्यावर पारावर बसून रात्रभर वाद घालणारी माणसे मी पाहिली आहेत.

पिस्तूल-नेमबाजी आधुनिक ऑलिंपिकमध्ये पहिल्यापासून, म्हणजे १८९६ च्या अथेन्सपासून आहे. तिच्यातला जो जुना आणि मानाचा प्रकार, त्याचे नावच ‘फ्री पिस्तूल’. फ्री म्हणजे बंधनमुक्त. अंतर ५० मीटर, आणि लक्ष्याच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे. एका वेळी एकच काडतूस भरायचे. बाकी नळी हवी तेवढी लांब ठेवा, चाप हवा तेवढा हलका करा. काहींचा चाप इतका हलका की बोट नुसते टेकले तरी गोळी सुटावी! लाकडी मूठ हाताच्या मापाने कोरून पंजाभोवती हातमोज्यासारखी बसवलेली. फक्त मनगटाला तिचा आधार मिळता कामा नये. या प्रकारामागचा विचार सरळ होता. ज्याला जे उत्तम साधन सुचेल ते त्याने आणावे. शेवटी थरथरतो तो हातच.

दुसरा प्रकार शीघ्र गोळीबाराचा, ‘रॅपिड फायर’. २५ मीटरवर ओळीने पाच लक्ष्ये. पाच गोळ्या, प्रत्येक लक्ष्यावर एक. आधी ८ सेकंदांत, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत. या प्रकाराचा नायक हंगेरीचा कारोय टाकाच. १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. गडी डाव्या हाताने नेम धरायला शिकला, आणि १९४८ साली लंडनला ५८० गुणांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेऊन गेला. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण. नेमबाजी ही हत्याराची नव्हे, माणसाची कला आहे असे कोणी म्हटले, तर पुरावा म्हणून त्याने टाकाचचे नाव घ्यावे.

पण पुढच्याच ऑलिंपिकला, १९५६ मध्ये मेलबर्नला, हत्यार बोलू लागले. सोव्हिएत नेमबाजांच्या हातात एमटीएस-३ ‘रेकॉर्ड’ नावाचे विचित्र पिस्तूल होते. ते जणू उलटे केलेले होते. हा काय प्रकार, ते नीट समजून घेऊ, कारण सगळे पुढचे भांडण याच्यावर उभे आहे. साध्या पिस्तुलात नळी मुठीच्या वर असते. गोळी सुटताना धक्का नळीच्या रेषेत मागे येतो, हात मात्र त्या रेषेच्या खाली. त्यामुळे तरफेसारखी क्रिया होऊन नळीचे तोंड वर उसळते. ते खाली आणून पुढच्या लक्ष्यावर स्थिर करायचे, तेही ४ सेकंदांत पाच वेळा! शीघ्र गोळीबाराचे निम्मे कसब या उसळीला काबूत ठेवण्यात आहे. सोव्हिएत रचनाकार येफिम खायदुरोव याने नळीच खाली, हाताच्या रेषेत आणली. धक्का सरळ हातात गेला आणि उसळी जवळजवळ नाहीशी झाली.

त्या स्पर्धेत सुवर्णपदक रुमानियाच्या स्तेफान पेत्रेस्कूला मिळाले, ५८७ गुणांवर. सोव्हिएत येवगेनी चेर्कासोव ५८५ गुणांवर दुसरा आला. म्हणजे नवे पिस्तूल दोन गुणांनी हरलेच होते. तरीही आंतरराष्ट्रीय संघटनेने नंतर ती रचना नियमाबाहेर टाकली. आजही २५ मीटरच्या पिस्तुलांना नियम आहे की नळीचा मध्य अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्याच्या वरूनच गेला पाहिजे. नियमातल्या एका ओळीने एका कल्पक माणसाची युक्ती कायमची मिटवली.

हे योग्य झाले का? माझे मत विचाराल तर निर्णय योग्य, पण त्याची किंमत कमी समजू नये. खायदुरोवने काही लबाडी केली नव्हती. त्याने यंत्रशास्त्राचा साधा नियम इतरांआधी वापरला. परंतु उसळी आवरणे हेच ज्या खेळाचे मर्म, तिथे उसळीच काढून टाकली तर उरते काय? पोहण्याच्या शर्यतीत पाणी काढून घेण्यासारखे ते झाले असते.

मात्र उसळी दाराने घालवली तर ती खिडकीने जाते, हे पुढच्या काळात दिसले. शीघ्र गोळीबारासाठी .२२ शॉर्ट हे आखूड आणि सौम्य काडतूस रूढ होते. त्याला धक्का मुळातच कमी. त्यात नळीला वरच्या बाजूने भोके पाडली, म्हणजे गॅस वर निसटतो आणि नळीला खाली दाबतो. चाप हलके झाले, मुठी हाताभोवती गुंडाळल्या गेल्या. नियम कोठेच मोडला नव्हता, पण नियमाचा हेतू हळूहळू झिजत होता. शेवटी ते पिस्तूल असे एकांगी झाले की त्या एका स्पर्धेखेरीज ते कोठेच उपयोगी नाही. दरम्यान ‘स्टँडर्ड पिस्तूल’ नावाचा मध्यममार्गी वर्ग निघाला होता. नेहमीचे .२२ लाँग रायफल काडतूस, मर्यादित मूठ आणि १००० ग्रॅमचा चाप, अशी त्याची रचना.

२००५ पासून संघटनेने शीघ्र गोळीबारालाही हीच बंधने घातली. शॉर्ट काडतूस गेले, भोके गेली, मोकळी मूठ गेली. जर्मनीचा राल्फ शुमान जुन्या पिस्तुलाचा बादशहा; १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन सुवर्णपदके त्याच्या नावावर. नवा नियम म्हणजे त्याच्या हातातले हत्यारच काढून घेणे होते. पण २००८ मध्ये बीजिंगला, वयाच्या ४६ व्या वर्षी, नव्या पिस्तुलाने त्याने रौप्यपदक मिळवले. युक्रेनच्या ओलेक्सांद्र पेत्रिवपेक्षा तो फक्त ०.७ गुणाने मागे राहिला. पुढच्या २०१२ च्या लंडनमध्ये याच प्रकारात क्युबाचा लेऊरिस पुपो पहिला आणि आपला विजयकुमार दुसरा. एका स्पर्धेवरून सिद्धांत मांडू नये हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तरी एकच पिस्तूल दोन-तीन प्रकारांत चालू लागले की कमी पैशांच्या देशांना बरे पडते, एवढे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत याच वादाला दुसरे वळण मिळाले. १९७६ मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे जेफ कूपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. अचूकपणा, जोर आणि वेग या तिन्हींची कसोटी घ्यायची, असा तिचा बाणा. प्रत्यक्ष वापरातले पिस्तूल घेऊन यावे आणि सामन्यानेच ठरवावे कोणते चांगले, ही मूळ कल्पना. झाले काय? सामना ठरवू लागला, पण ते पिस्तूल प्रत्यक्ष वापरातले राहिले नाही. नळीच्या तोंडाला गॅस वळवणारे तुकडे आले. ते चांगले चालावेत म्हणून जाड .४५ ऐवजी .३८ सुपर काडतूस आले. मग माशी आणि खाच यांच्या जागी काचेतला लाल ठिपका आला. डोळ्याने दोन गोष्टी एका रेषेत आणायच्या, त्याऐवजी ठिपका लक्ष्यावर ठेवायचा! साध्या पिस्तुलाच्या माणसाने करायचे काय?

इथे बंदी आली नाही, वर्ग निघाले. ज्याला सगळे हवे त्याला ‘ओपन’. बेताच्या सुधारणांना ‘स्टँडर्ड’. कारखान्यातून येते तसे वापरणाऱ्याला ‘प्रॉडक्शन’. रिव्हॉल्व्हरवाल्यांना त्यांचा वर्ग. आणि आता गंमत पाहा. कारखानेच ठिपक्याची काच बसवलेली पिस्तुले विकू लागली, तेव्हा ‘प्रॉडक्शन’ म्हणजे काय हाच वाद उभा राहिला. त्यातून ‘प्रॉडक्शन ऑप्टिक्स’ हा आणखी एक वर्ग जन्मला. खायदुरोवला कोलंबियाच्या पंथात नक्कीच एखादा वर्ग मिळाला असता. पण इतके वर्ग झाले की विजेते अनेक आणि अजिंक्य कोण ते सांगता येत नाही, ही तक्रारही खोटी नाही.

वर्ग काढणे सोपे, तो टिकवणे अवघड. ज्या फ्री पिस्तुलापासून आपण सुरुवात केली त्याचेच पाहा. सोव्हिएत अलेक्सांद्र मेलेंत्येव याने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ५८१ गुण केले. तो विक्रम ३४ वर्षे कोणाला मोडता आला नाही. चाप हवा तेवढा हलका असूनही! २०१४ साली ग्रानादाच्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या जिन जोंग-ओहने ५८३ करून तो मोडला. त्या स्पर्धेत त्याच्या मागे दुसरा आला आपल्या लष्करातला जितू राय, आणि त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धांत या प्रकाराचे सुवर्णपदकही जितूने घेतले. २०१६ मध्ये रिओला जिनने सलग तिसरे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये पुरुषांइतकेच स्त्रियांनाही स्थान हवे या रास्त हेतूने पुरुषांचे तीन प्रकार वगळून मिश्र जोड्यांचे सामने आणले गेले. वगळलेल्या तिघांत फ्री पिस्तूल होते. त्या वर्गाविरुद्ध कोणाचीच तक्रार नव्हती. पण दहा-दहा वर्षे त्या एका मुठीत हात बसवलेल्या नेमबाजांना आता हवेच्या पिस्तुलाचा ५०० ग्रॅमचा चाप ओढायला शिकावे लागले, किंवा पिस्तूल खाली ठेवावे लागले.